हळकुंडाचा रंग आणि रक्ताचा कर्करोग

सांगलीच्या बाजार समितीत हळदीचे सौदे निघतात तेव्हा जाणता व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग पाहतो. सातारा जिल्ह्यातील मालही याच पेठेत येतो. तो पिवळा रंग ज्यामुळे येतो ते द्रव्य कर्क्युमिन. हळकुंडात ते साधारण ३ टक्के असते. ‘हळदीने रक्ताचा कर्करोग बरा होतो’ हा मोबाइलवर फिरणारा संदेश याच द्रव्याच्या आधारे लिहिलेला असतो आणि त्यात अर्धसत्य आहे. त्याचा उगम जपानमध्ये सापडतो.

जपानच्या नैऋत्य भागातील रुग्णांत आढळणारा रक्ताचा एक निराळा कर्करोग किओशी ताकात्सुकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली वर्णिला. एचटीएलव्ही-१ हा विषाणू त्याचे कारण असल्याचे पुढे स्पष्ट झाले. बाधितांपैकी थोड्यांनाच, तेही अनेक दशकांनी, हा रोग होतो. आपल्याकडील रक्ताचे बहुतेक कर्करोग विषाणूजन्य नसतात. कर्करोग स्वतः तर कोणाला लागत नाही. तेव्हा रुग्णाचे ताट वेगळे काढण्याचे किंवा त्या घरची सोयरीक टाळण्याचे काहीच कारण नाही.

निरोगी पांढऱ्या पेशीत वाढीचा हुकूम देणारे एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन एरवी बांधून ठेवलेले असते. जंतूची चाहूल लागली की एक विकर ते बंधन सोडविण्याची व्यवस्था करते. प्रथिन पेशीकेंद्रकात शिरते, वाढीची जनुके जागी होतात आणि काम झाले की नवे बंधन तयार होऊन सारे शांत होते. या विषाणूचे ‘टॅक्स’ नावाचे प्रथिन नेमके त्या विकराला चिकटते व त्याला थांबूच देत नाही. चाहूल नसताना हुकूम सुटत राहतो. मरावयाची पेशी मरत नाही. पुढे टॅक्स बनणे बहुधा थांबते, परंतु तोवर पेशीच्या स्वतःच्या जनुकांतच असे बदल झालेले असतात की तो हुकूम चालूच राहतो.

२००६ साली ओकिनावातील मारिको तोमिता व सहकाऱ्यांनी अशा पेशींवर कर्क्युमिनचा प्रयोग केला. हुकूम मंदावला, पेशी मरू लागल्या. संदेशातील सत्य एवढेच, आणि तेही काचपात्रातले. पोटात घेतलेले कर्क्युमिन रक्तात फारसे उतरत नाही. दुसऱ्या एका कर्करोगाच्या रुग्णांनी रोज ८ ग्रॅम घेतले, तरी रक्तातील मात्रा अत्यल्पच राहिली. ३ टक्क्यांच्या हिशेबाने त्यासाठी रोज पाव किलोहून अधिक हळद लागेल. हा हिशेब व्यापाऱ्याला वेगळा सांगावयास नको.

मिरीचा अर्क घातलेल्या कर्क्युमिनच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. रक्ताच्या कर्करोगाच्या तीव्र प्रकारांत तर आठवड्याचा विलंबही जिवावर बेततो. पुडीवर ‘कर्करोगावर गुणकारी’ असे छापण्याचा मोह ज्यांना होतो, त्यांनी १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा कायदा वाचावा. त्याच्या परिशिष्टात कर्करोगाचे नाव आहे. वरणातील चिमूटभर हळद सुखाने चालू द्यावी. गोळ्या मात्र उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्यावाचून रुग्णाच्या हाती देऊ नयेत.