बिनकुलपाचा जिल्हा

आमच्या नगर जिल्ह्यात (२०२४ पासून अहिल्यानगर, पण जीभ अजून नगरच म्हणते) शनिशिंगणापूर नावाचं गाव आहे. घराला दार-कुलूप लावायचं नाही, ही तिथली जुनी रीत. २०११ साली युको बँकेनं तिथं शाखा काढली, तीसुद्धा बिनकुलपाची! अन् त्याच जिल्ह्यात, दुसऱ्या एका बँकेत बावीस वर्षं इमानेइतबारे खर्डेघाशी करणारा मी, दिवाळीच्या रजेवरून परतलो तो थेट माझ्याच लॅपटॉपच्या उंबऱ्याबाहेर.

रजेच्या आदल्या दिवशी त्यानं नवा पासवर्ड मागितला होता. एक अक्षर मोठं, एक लहान, एक आकडा, एक चिन्ह, शिवाय मागचे पाच चालणार नाहीत. इतक्या अटी माझ्या सासऱ्यांनीही घातल्या नव्हत्या. चकल्यांबरोबर मी तो पचवून टाकला. तीन प्रयत्न चुकले, खातं बंद.

मुख्य कचेरीला फोन लावला.

"तक्रार पोर्टलवर नोंदवा, साहेब."

"पोर्टल लॅपटॉपमध्ये आहे हो."

"मग लॅपटॉप उघडा ना!"

समोरच्या बाकावर एक पेन्शनर आजी बसल्या होत्या. हयातीचा दाखला द्यायला एसटीनं आलेल्या. दोन तास माझी धडपड पाहून म्हणाल्या, "बाळा, मी जिवंत आहे हे नंतर बघू. आधी तू तूच आहेस, एवढं त्याला पटव."

वाचकहो, कुलूप हवंच. लोकांच्या घामाचा पैसा आहे, त्याबद्दल माझी ना नाही. माझं भांडण दर नव्वद दिवसांनी किल्ली बदलण्याशी आहे. हा सल्ला २००३ साली अमेरिकेतल्या एनआयएसटी या सरकारी संस्थेतल्या बिल बर यांनी लिहिला. २०१७ साली त्यांनी स्वतःच त्याबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला. त्याच वर्षी संस्थेनंही सांगितलं, की पासवर्ड फुटल्याचा पुरावा नसेल तर ठरावीक मुदतीनं बदलायला लावू नका. चिन्हांच्या सक्तीपेक्षा लांबी मोलाची. कारण उघड आहे. सारखं नवं पाठ करायला लावलं, की माणूस एकाचा दोन करतो, नाहीतर चिठ्ठी लिहितो. आमच्या शाखेत भिंतीवरचं कॅलेंडर उलटून पाहा. तारखा पुढे, पासवर्ड मागे. म्हणजे कुलूप लाखाचं अन् किल्ली खिळ्याला! गुरूला पश्चात्ताप होऊन इतकी वर्षं झाली, तरी चेल्यांचं पारायण चालूच आहे. अन् त्यात खोळंबतो कोण? बाकावरची आजी.

अखेर साहेबांच्या मोबाईलवर संकेतांक मागवून साडेचारला लॅपटॉप उघडला. आजींची एसटी पाचची. त्यांनी यंत्रावर अंगठा टेकवला, अन् पहिल्याच खेपेला जुळला.

ऐंशी वर्षांत त्यांनी तो एकदाही बदलला नव्हता!