जुनी पुस्तके रद्दीत कशाला?



‘दहा वर्षांहून जुनी पुस्तके महाविद्यालयांनी काढून टाकावीत’ ही गेल्या अंकातील एका प्राध्यापक वाचकांची सूचना अर्धीच पटली. करकायदा, संगणक, औषधशास्त्र यांना ती लागू आहे. तिथे जुने पुस्तक विद्यार्थ्याला चक्क फसवते. पण हाच निकष इतिहास-समाजशास्त्राला लावला, तर दा. ध. कोसंबींचे भारतीय इतिहासावरील १९५६चे पुस्तक आणि इरावती कर्वे यांचा भारतातील नातेव्यवस्थेवरचा १९५३चा ग्रंथ, दोन्ही रद्दीत जातील. त्यांचे काही निष्कर्ष आज वादग्रस्त आहेत हे मान्य. पण वाद समजून घ्यायला मूळ पुस्तक हाताशी नको का?

शिवाय जुन्याच्या जागी नवे पुस्तक घेताना मुखपृष्ठावरच्या ‘नवीन आवृत्ती’वर विसंबू नये. आपल्याकडे एक अक्षरही न बदललेले पुनर्मुद्रण सर्रास आवृत्ती म्हणून विकले जाते. खरेदीपूर्वी प्रस्तावना वाचावी, नवे काय ते लेखकाने सांगितले आहे का पाहावे. मग शेवटची पाने उलटावीत. संदर्भ आणि सूची नसलेले चारशे पानी पुस्तक शिक्षकाला फारसे कामाचे नाही. (मराठी प्रकाशक सूचीवर इतकी काटकसर का करतात, देव जाणे!)

सर्वसाधारण वाचकाने अनोळखी विषयात थेट जाडजूड ग्रंथ विकत घेऊ नये. मराठी विश्वकोशातील नोंद संकेतस्थळावर फुकट वाचता येते. तिच्याखालील संदर्भांतून पुढची निवड करावी.

ग्रंथालय समित्यांना विनंती, की पुस्तके बाद करण्याचा नियम विषयवार ठरवावा.

— एक निवृत्त ग्रंथपाल, सांगली