दोष जातीचा नव्हे, बादलीचा

डच गुलाबात जीवच नसतो, पॉलिहाऊसमध्ये औषधांवर पोसलेलं फूल दोन दिवसांत मान टाकणारच, खरा गुलाब आपला गावठी: एका बागप्रेमी गृहस्थांनी हे पुन्हा ठासून सांगितलं. हा गुलाब पिकवणाऱ्या तळेगाव-मावळच्या शेतकऱ्यांचे कष्ट असे एका वाक्यात मोडीत काढलेले मला सहन होत नाहीत.

गावठी गुलाबाशी तुलनाच गैर आहे; पाकळ्या दुसऱ्या दिवशी गळणारं ते फूल लांब दांडीवर कुणी विकत नाही.

मान टाकलेला गुलाब हातात घेऊन तरी बघा. पाकळ्या टवटवीत, पानं हिरवी, फक्त फुलाखालचा कोवळा भाग वाकलेला. पाण्यात उभं राहून फूल तहानलेलं आहे. पानांतून वाफ उडते, त्या ओढीनं दांडीतल्या बारीक वाहिन्यांमधून पाण्याचा अखंड धागा वर चढतो. डिक्सन आणि जोली या शास्त्रज्ञांनी 1894 मध्ये हे मांडलं. दांडी कापली की तो ताणलेला धागा आत ओढला जातो आणि हवा शिरते. पाठोपाठ जिवाणू येतात. जखमेतून झिरपणारा रस आणि पाण्यात कुजणारी पानं यांवर ते पोसतात आणि वाहिन्यांची तोंडं बुजवतात. दुकानातल्या बादलीच्या आतून बोट फिरवा, बुळबुळीत चिकटा हाताला लागेल. तोच दांडीच्या टोकालाही असतो. आता ती दांडी पाण्याखाली धरून दोन-तीन सेंटिमीटर कापा आणि स्वच्छ पाण्यात खोल उभी करा. वेळेत केलं तर काही तासांत मान बहुधा सरळ होते. फुलात जीव नव्हता, तर हा आला कुठून?

पॉलिहाऊसच्या दमट हवेत वाढलेल्या पानांची रंध्रं नीट मिटत नाहीत, हे खरं. त्यानं तहान वाढते. वाहिन्या बुजत नाहीत.

फूल टिकावं म्हणून पाण्यात साखर घाला, हा जुना सल्लाही अशाच बागप्रेमींचा. नुसती साखर घातली की जिवाणूच माजतात. तिच्याबरोबर जंतुनाशक हवं आणि पाणी किंचित आंबट हवं, हे कितीदा सांगायचं? जिवाणू मरावेत म्हणून पाण्यात तांब्याचं नाणं टाका म्हणणाऱ्यांनी हातातला रुपया पोलादाचा आहे एवढं तरी पाहावं.

विक्रेत्यानं बादली रोज घासावी, पाण्यात बुडणारी पानं काढावीत, दांडी धारदार सिकेटरनं कापावी. घरी एक दिवसाआड पाणी बदलून दांडी पुन्हा थोडी कापावी. एवढं केल्यावरही फूल टिकलं नाही, तर मग पॉलिहाऊसला बोल लावा.