जेसीबी बंद पडला तर दुरुस्त कोण करणार? अवजड यंत्रांच्या देखभालीचे शिक्षण ‘शेवटचा पर्याय’ का नको

मेट्रोचे काम असो, महामार्ग असो की चंद्रपूरची कोळसा खाण. यंत्र बंद पडले की सगळेच अडते. ऑपरेटर बसून, डंपर रांगेत आणि कर्जाचा हप्ता मात्र सुरू. अशा वेळी साइटवर सगळे वाट पाहतात ती मेकॅनिकची. तरीही दहावीनंतर घरातल्या चर्चेत हे शिक्षण सर्वांत शेवटी येते, तेही टक्के कमी पडले तर. हे बदलायला हवे.

काम नेमके काय?

आपण सरसकट ‘जेसीबी’ म्हणतो ते कंपनीचे नाव. यंत्र म्हणजे बॅकहो लोडर. ‘पोकलेन’चेही तेच, यंत्र एक्स्कॅव्हेटर. त्याचे बूम आणि बकेट तेलाच्या दाबावर चालतात. मोठ्या यंत्रात हा दाब ३५० बारच्या आसपास जातो, म्हणजे कारच्या टायरमधील हवेच्या साधारण दीडशेपट. पाइपच्या बारीक छिद्रातून उडणारे तेल कातडी भेदून आत शिरू शकते. म्हणून गळती हाताने चाचपायची नसते, पुठ्ठा धरून शोधायची असते. गॅरेजमध्ये बघून बघून शिकणाऱ्याला हे कुणी सांगेलच, याची खात्री नाही.

फक्त पाना पुरेसा का नाही?

बांधकाम यंत्रांच्या धुरासाठी देशात एप्रिल २०२१ पासून सीईव्ही-४ आणि जानेवारी २०२५ पासून सीईव्ही-५ हे निकष आले. नव्या इंजिनांत सेन्सर, ईसीयू आणि काजळी अडवणारे फिल्टर आहेत. एरर कोड दिशा दाखवतो. पण सेन्सर गेला की वायर तुटली, हे मल्टिमीटर लावूनच कळते. त्यासाठी इलेक्ट्रिकलचा पाया लागतो.

कुठे शिकता येते?

आयटीआयमध्ये ‘मेकॅनिक डिझेल’ एक वर्षाचा, तर ‘मेकॅनिक मशीन टूल मेंटेनन्स’, फिटर आणि इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे ट्रेड आहेत. पुढे विद्यावेतनासह अप्रेंटिसशिप करता येते. दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण करणाऱ्याला अटी पूर्ण झाल्यास डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाचा मार्गही आहे. म्हणजे आयटीआय केले की शिक्षण संपले, हा समज चुकीचा.

मग अडते कुठे?

अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजांमध्ये हाच विषय दोन वर्षे शिकवतात. जॉन डिअर, कॅटरपिलर यांच्या डीलरशी जोडलेल्या अभ्यासक्रमांत विद्यार्थी काही आठवडे वर्गात, काही आठवडे डीलरच्या वर्कशॉपमध्ये असतो. आपल्याकडेही ‘ड्युअल सिस्टीम ऑफ ट्रेनिंग’ची तरतूद आहे. ती अवजड यंत्रांच्या डीलरपर्यंत आणि खाणींपर्यंत न्यायला हवी. जुने इंजिन उघडून पुन्हा बसवणे हा सराव चांगलाच; पण नोकरीत समोर येणारे यंत्र वेगळे असते.

प्रवेशाआधी हे तीन प्रश्न विचारा

- वर्कशॉपमध्ये चालू स्थितीतील हायड्रॉलिक यंत्रणा आहे का?
- एरर कोड वाचणारे उपकरण विद्यार्थ्यांच्या हातात मिळते का?
- प्रत्यक्ष कंपनीत किती आठवडे काम करायला मिळते?

उत्तरे ‘हो’ असतील, तर हा पर्याय यादीत वर घ्या. उत्तरे ‘नाही’ असतील, तर पालकांनी संस्थेकडे ती मागणी लावून धरावी.