कप्पे उघडणारा माणूस

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मुलांना न्याल तेव्हा सगळी दालनं एका दुपारी उरकायचा हट्ट सोडा. निसर्ग विभागात, पक्ष्यांच्या काचेपाशी थांबा. हा विभाग बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या मदतीने उभा राहिला. १८८३ साली स्थापन झालेल्या याच सोसायटीत पुढे पक्षिशास्त्रज्ञ झालेले सलीम अली शाळकरी वयात स्वतः मारलेली, गळ्यावर पिवळा डाग असलेली चिमणी घेऊन गेले होते. सचिव मिलार्ड यांनी त्या अनोळखी पोराला वाटेला लावलं नाही. पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कप्पे एकामागून एक उघडून दाखवले. केवढी मोठी गोष्ट ही! म्हणून मूल धनेशासमोर रेंगाळलं, तर त्याचा हात ओढू नका. चोच एवढी मोठी कशाला, हे विचारू द्या. उत्तर ठाऊक नसेल तर पाटी दोघांनी मिळून वाचा.