माफ केलं म्हणजे फिटलं का?



मंडळाच्या नाताळ मेळाव्यात कार्यक्रम संपल्यावर तिघांनी मला चहाच्या टेबलाशी गाठलं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा म्हणाला, "दादा, मी खून केला नाही, चोरी केली नाही. तरी चर्चमध्ये दर रविवारी मी पापी असं का म्हणायचं?" त्याच्या बरोबरची मुलगी हिंदू घरातली. तिने विचारलं, "देवाला माफ करायचंच होतं तर सरळ करायचं ना, मध्ये क्रूस कशाला?" तिसरा गप्प होता. बाकीचे दोघे आइस्क्रीमकडे वळल्यावर तो हळूच म्हणाला, "मी एकाचं नुकसान केलंय. त्याला माहीत नाही. देवाकडे माफी मागितली आहे. आता त्या माणसाला सांगायलाच पाहिजे का?"

काय नुकसान केलं ते मी विचारलं नाही. उत्तरही दिलं नाही, "सदरात लिहितो" म्हणून वेळ मारून नेली. खरं कारण हे, की याच प्रश्नाचं उत्तर शोधायला मला स्वतःला सात वर्षं लागली होती. ते दोन मिनिटांत सांगण्यासारखं नव्हतं. मी पाळक नाही, साधा बीई झालेला माणूस आहे. शास्त्रात जे वाचलं आणि घरी जे घडलं तेवढंच सांगू शकतो.

हे लिहितोय संतपूरच्या घरात बसून. औराद तालुका, बीदर जिल्हा. आमच्याकडे रविवारची उपासना कानडीत आणि घरची प्रार्थना मराठीत. शाळेत कानडी, बाजारात दोन्ही, शिवाय दखनी. त्यामुळे एकाच शब्दाचे दोन-दोन अर्थ डोक्यात घेऊनच आम्ही मोठे होतो.

'पाप' हाच शब्द घ्या. जुना करार बहुतेक सगळा हिब्रू भाषेत लिहिला गेला. त्यात पापासाठी जो शब्द सर्वांत जास्त येतो, त्याच्या धातूचा एक अर्थ नेम चुकणे असा आहे. शास्ते २०:१६ मध्ये बन्यामीन वंशातल्या ७०० डावखुऱ्या गोफणवाल्यांची गोष्ट आहे. केसावर नेम धरला तरी ते चुकत नसत. तिथलं 'चुकणे' हे क्रियापद त्याच धातूचं आहे. ज्वारीच्या राखणीला ज्याने गोफण फिरवली आहे त्याला हे लगेच कळेल. दगड कुणाच्या डोक्यात गेला नाही हे चांगलंच, पण पाखरं बसली होती तिकडे तो गेला का? आपला नेम कशावर असायला हवा ते येशूने मत्तय २२ मध्ये दोन वाक्यांत सांगितलं आहे: देवावर पूर्ण मनाने प्रेम, आणि शेजाऱ्यावर स्वतःइतकं. खून केला नाही म्हणून यात पास होता येत नाही. मी तरी झालेलो नाही.

कानडीत 'पाप' म्हणजे आपलंच पाप. पण रस्त्यात पोरगं पडलं की आमच्या शेजारची आजी "पापऽ!" म्हणते, आणि तिथे त्याचा अर्थ होतो 'बिचारं गं'. शास्त्राचा विद्यार्थी असता तर हा योगायोग म्हणून सोडून दिला असता. मला मात्र मत्तय ९:३६ आठवतं. गर्दी बघून येशूला कळवळा आला, कारण ती माणसं मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखी गांजलेली होती. चर्चमध्ये 'पापी' हा शब्द ऐकताना मला दोन्ही अर्थ एकदम ऐकू येतात.

आता क्रूसाचा प्रश्न. इथेही शब्दच आडवा येतो. मराठी शास्त्रात मुक्तीसाठी 'तारण' हा शब्द आहे, आणि आपल्याकडे कुठल्याही स्टँडसमोर बघा, 'सोने तारण कर्ज' अशी पाटी असते. लहानपणी मला खरंच वाटायचं, की येशूने आपल्याला कुठल्यातरी बँकेत ठेवलं आहे. शब्दांची ही ओढाताण जुनी आहे. फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये गोव्यात 'ख्रिस्तपुराण' छापलं, तेव्हा मराठी श्रोत्याला ओळखीचा म्हणून स्वर्गासाठी वैकुंठ हाच शब्द घेतला. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून उलटी वाट धरली. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून, गावातल्या साध्या बाईला वाचता येईल अशा मराठीत त्यांनी सगळं बायबल आणलं. १९२२ मध्ये त्या वारल्या. पुस्तक १९२४ मध्ये बाहेर आलं. हैदराबादहून पुण्याला रेल्वेने जाताना दौंड गेलं की केडगाव स्टेशन लागतं, पुढच्या वेळी खिडकीतून बघा.

तर तारण. येशूच्या मुलखात अरामी भाषा बोलत आणि तिच्यात कर्ज आणि पाप यांना एकच शब्द होता. म्हणून प्रभूच्या प्रार्थनेत मत्तय 'ऋणं' सोडण्याबद्दल लिहितो, तर लूक 'पापं' म्हणतो. आपण मात्र मनात पाप-पुण्याची खतावणी ठेवतो. इकडे वाईट, तिकडे चांगलं, वर्षअखेर शिल्लक जमेकडे आली की झालं. शास्त्रातला हिशेब असा चालत नाही. मत्तय १८ मध्ये एका नोकरावर राजाचं १०,००० तालंत कर्ज असतं. सवयीने मी आकडेमोड केली. एक तालंत म्हणजे सुमारे ६,००० दीनार, आणि एक दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. म्हणजे ६ कोटी दिवस. वर्षाला ३०० दिवस काम मिळालं तरी २ लाख वर्षं! जमेकडे काय काय लिहिणार?

राजा ते सगळं सोडून देतो. पण सोडलं म्हणजे पैसे गेले कुठे? हवेत विरले नाहीत. राजाच्या खजिन्यात तेवढा खड्डा पडला. माफीचं हे असंच असतं. ती घेणाऱ्याला फुकट मिळते, कारण देणाऱ्याने भरलेली असते. देवाने 'सरळ' माफ का केलं नाही, याचं मला समजलेलं उत्तर हे. क्रूस म्हणजे त्या खड्ड्याची जागा.

त्या मुलीने पुढे आणखी एक विचारलं होतं: "मग माझी आजी? ती दरवर्षी पंढरपूरला जायची." तारण येशूच्याच नावात आहे असं प्रेषितांची कृत्ये ४:१२ सांगतं. मी ते मानतो आणि तुझ्यापासून लपवणार नाही. पण 'तारण होणारे थोडेच आहेत काय?' असं कुणीतरी येशूलाच विचारलं होतं, लूक १३ मध्ये. त्याने आकडा दिला नाही, विचारणाऱ्यालाच म्हणाला, तू आत जायची धडपड कर. आणि उत्पत्ती १८ मध्ये अब्राहाम देवाला तोंडावर विचारतो, की साऱ्या पृथ्वीचा न्यायाधीश न्याय करणार नाही का? तुझ्या आजीचा निकाल लिहायला मला कुणी नेमलेलं नाही. ज्याच्या हातात तो आहे तो तुझ्या-माझ्यापेक्षा न्यायी आहे, एवढ्यावर मी थांबतो.

आता तिसऱ्याचं. त्यासाठी माझ्या आत्याच्या पाटल्या मध्ये आणाव्या लागतात.

२०१० मध्ये मी तेव्हाच्या गुलबर्ग्यात बीईच्या तिसऱ्या वर्षाला होतो. तुरीचे पैसे घरखर्चात गेले होते आणि फी भरायची मुदत जवळ आली होती. आत्याने चार तोळ्यांच्या पाटल्या काढल्या आणि तारण ठेवून ५० हजार आणले. मी म्हटलं, "नोकरी लागली की व्याजासकट सोडवून आणतो." २०१२ मध्ये नोकरी लागली. मी आधी बाईक घेतली, हप्त्यावर. मग फोन. नोटिसा आत्याच्या नावावर येत होत्या. तिला वाचता येत नाही. ती पोस्टमनकडून वाचून घ्यायची आणि मला फोन करायची. मी म्हणायचो, "बघतो." तीन वेळा 'बघतो' म्हटलं. २०१३ मध्ये ती थोडे पैसे जमवून व्याज भरायला गेली, तेव्हा तिला कळलं की पाटल्यांचा लिलाव झाला.

तिने घरात चकार शब्द काढला नाही. नाताळला मी गावी आलो तर तिच्या हातात काचेच्या बांगड्या. मी रडायला लागलो. ती म्हणाली, "रडू नको रं. सोडलं मी. तू जेव आदी."

मी जेवलो. रविवारी प्रभुभोजनही घेतलं. मन हलकं झालं आणि विषय माझ्यापुरता संपला. पुढची सात वर्षं तिने वाढलेलं जेवताना मी तिच्या मनगटाकडे बघायचं तेवढं टाळत राहिलो. पगार वाढला, हैदराबादला फ्लॅट बुक केला. पाटल्यांचा विचार यायचा, नाही असं नाही. आला की मी स्वतःला सांगायचो, तिने माफ केलंय, देवानेही केलंय, आता ते उकरून काढणं म्हणजे माफीवर अविश्वास दाखवणं. बघा, शास्त्र येत असलं की माणूस किती नीट पळवाट काढतो!

२०२० मध्ये लॉकडाऊनला मी संतपूरलाच होतो. दिवसा गच्चीवर नेटवर्क शोधत ऑफिसचं काम, संध्याकाळी घरची प्रार्थना. एके दिवशी वडिलांनी फिलेमोनाला लिहिलेलं पत्र काढलं. २५ वचनांचं, पाच मिनिटांत संपतं. अनेसिम नावाचा दास मालकापासून दूर गेलेला असतो. पौल तुरुंगात असताना तो भेटतो आणि ख्रिस्ती होतो. पौल मालकाला लिहितो, की याच्याकडे तुझं काही येणं असेल तर ते माझ्या खात्यावर मांड, मी फेडीन, हे मी स्वतःच्या हाताने लिहितोय.

हे वचन मी आधी ऐकलं होतं आणि क्रूसासाठी चांगला दाखला म्हणून वापरलंही होतं. त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं, की कर्ज दुसऱ्याने अंगावर घेतलं तरी पौल अनेसिमाला परत पाठवतोच. ज्याचं बिघडवलं त्याच दाराशी. आत्या शेजारी चटईवर बसून ऐकत होती.

त्या रात्री मी बाकीचं शोधलं. लेवीय ६ मध्ये फसवून घेतलेलं परत करायचं, त्यावर पाचवा हिस्सा जास्त द्यायचा, आणि दोषार्पण त्यानंतर येतं. मत्तय ५ मध्ये वेदीपाशी आठवलं की भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याकडे जायचं. आणि लूक १९ मधला जक्कय. हे प्रकरण मला सर्वांत आवडतं, कारण त्यातला क्रम. येशू आधी त्याच्या घरी उतरतो, 'पैसे परत कर मग येतो' असं म्हणत नाही. तो आलाय म्हणूनच जक्कय उभा राहून म्हणतो, की अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट. फेडणं ही तारणाची किंमत नव्हती. आत आलेल्या माणसाला ते न करता राहवेना, एवढंच. मला सात वर्षं राहवलं.

म्हणून तिसऱ्या मित्रा, तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर 'हो' आहे. देवाची माफी खरी आहे, तिला कुणाचा दाखला जोडावा लागत नाही. पण त्या माणसाचं जे गेलं ते अजून गेलेलंच आहे. फक्त घाईत जाऊ नकोस. सांगून तुझं मन हलकं होणार आणि समोरच्याचं घर मोडणार, असा मामला असेल तर आधी एखाद्या शहाण्या आणि तोंड बंद ठेवणाऱ्या माणसाशी बोल. पैशाचं असेल तर पैसे घेऊनच जा. नुसता पश्चात्ताप घेऊन गेलास तर त्याच्यावर आणखी एक ओझं टाकशील, तुला समजावण्याचं.

दिवाळीच्या सुमारास मी उदगीरला जाऊन पाटल्या केल्या. सोनं २०१०च्या मानाने अडीचपटीहून महाग झालं होतं, तेव्हा पाचवा हिस्सा वर देण्याचं मला काही जमलं नाही. आत्याच्या पुढे डबी ठेवली आणि सगळं सांगितलं. बाईक, फोन, तिन्ही 'बघतो'. ती म्हणाली, "मी सोडलं म्हनले की तवाच." मग पाटल्या हातात घेतल्या, तोलून बघितल्या आणि विचारलं, "चार तोळंच हायत न्हवं?"

मागच्या जूनमध्ये तिच्या नातीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. पाटल्या पुन्हा तारण गेल्या आहेत. या वेळी पावती माझ्याकडे आहे, आणि व्याजाची आठवण दर महिन्याच्या ५ तारखेला सकाळी ९ वाजता माझ्या फोनवर वाजते.