रोहिणीचे पाणी आणि देवनारचा धूर

२०१५ हे वर्ष धर्म आणि पर्यावरण यांच्या नात्यात महत्त्वाचे मानले जाते. त्या वर्षी जूनमध्ये पोप फ्रान्सिस यांचे ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक प्रसिद्ध झाले. ऑगस्टमध्ये इस्तंबूल येथे मुस्लिम विद्वानांनी हवामान बदलावर जाहीरनामा काढला. बौद्ध आचार्यांची आणि हिंदू धर्मगुरूंची निवेदनेही त्याच वर्षी आली आणि डिसेंबरमध्ये पॅरिस करार झाला. पुढे २०२३ च्या दुबई येथील हवामान परिषदेत धर्मांसाठी प्रथमच स्वतंत्र दालन उभारले गेले. या सगळ्या कागदांवर एक वाक्य फिरून फिरून येते : पृथ्वी आपल्या सर्वांचे घर आहे, आपण सर्व तिचे राखणदार आहोत.

आमचा प्रश्न या ‘आपण सर्व’वर आहे. ज्या देशात एकाच गावात दोन पाणवठे होते, त्या देशात हे ‘आपण’ कधी तयार झाले? कोणी तयार केले?

गैरसमज नको म्हणून आधीच सांगतो. हवामान न्यायासाठी सर्व धर्मांच्या लोकांनी एकत्र यावे, असेच आमचे मत आहे. पण ही एकजूट व्यासपीठावर रोपट्याला झारीने पाणी घालून होणार नाही. तिची सुरुवात पाणवठ्यापासून आणि उकिरड्यापासून झाली पाहिजे.

आपल्याकडे पर्यावरणाचा विषय निघाला की लगेच परंपरेचा गौरव सुरू होतो. देवराया, बारवा, नदीला माता मानणारी संस्कृती! बारवांचे दगडी बांधकाम खरोखरच अप्रतिम आहे. पण त्या पायऱ्या उतरण्याचा अधिकार कोणाला होता, हे वारसा-सहलीचा मार्गदर्शक सांगत नाही. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले, पण कागदावर. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो लोकांसह महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले. त्यानंतर सनातन्यांनी काय केले? गोमूत्र, शेण, दूध, दही यांच्या १०८ घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ केले. ज्या समाजव्यवस्थेला शेणाने पाणी शुद्ध होते आणि माणसाच्या स्पर्शाने ते बाटते असे वाटत होते, तिच्या वारसदारांकडून प्रदूषणाची व्याख्या शिकण्याची आमची तयारी नाही. त्या तळ्याचा खटला उच्च न्यायालयात निकाली निघायला १९३७ साल उजाडले. पुढे संविधानाच्या कलम १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानाचे घाट यांचा मुद्दाम उल्लेख करावा लागला, तो याच इतिहासामुळे.

योगायोग असा की, महाडचा सत्याग्रह झाला त्याच १९२७ साली मुंबईचा कचरा देवनारला टाकायला सुरुवात झाली. शहराने आपली घाण नजरेआड टाकली आणि पुढे त्याच घाणीच्या कडेला माणसेही टाकली. गोवंडी, शिवाजीनगर, बैंगनवाडी, मानखुर्द या वस्त्यांत आज कोण राहते? मुख्यतः मुसलमान आणि दलित. महापालिकेच्या २००९ च्या मानव विकास अहवालात हाच एम-पूर्व विभाग सर्वांत तळाला होता. जानेवारी २०१६ मध्ये डम्पिंगला मोठी आग लागली, तेव्हा धूर शहरभर पसरला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या आणि देवनार अचानक बातमीत आले. बाकीच्या मुंबईचा धूर काही दिवसांत ओसरला. वस्तीचा नाही.

हवामान न्याय म्हणजे काय, हे समजायला याहून मोठ्या पुस्तकाची गरज नाही. कुजणाऱ्या कचऱ्यातून मिथेन निघतो, तो पृथ्वी तापवतो. हा कचरा कोणी केला? ज्यांच्या घरी एसी आहे, ऑनलाइन मागवलेल्या वस्तूंची खोकी आहेत, त्यांनी जास्त केला. तापमान वाढल्यावर पत्र्याच्या खोलीत कोण भाजते? ज्याने तो कचरा वेचून कमी केला, तो. आणि या वेचकाला पर्यावरणाच्या एकाही सर्वधर्मीय परिषदेत व्यासपीठावर खुर्ची मिळत नाही. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्या बहुसंख्य सभासद दलित स्त्रिया. त्यांच्या कामाला कोणी धर्मकार्य म्हटले नाही, आम्ही म्हणतो.

मुकुल शर्मा यांनी २०१७ च्या ‘कास्ट अँड नेचर’ या ग्रंथात भारतीय पर्यावरणवादाला जात दिसत नाही, हे सविस्तर मांडले आहे. आम्हाला इथे एक पाऊल पुढे जाऊन विचारायचे आहे : मग मार्ग कोणता? आमच्या मते तो बाबासाहेबांनीच दाखवून ठेवला आहे.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. सिद्धार्थाने गृहत्याग का केला, याचे रूढ उत्तर म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहिले हे आहे. बाबासाहेबांनी ते नाकारले. त्यांच्या मांडणीत कारण आहे पाणी. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात भांडण पेटले, शाक्य संघ युद्धाला निघाला आणि सिद्धार्थाने विरोध केला. आधी चौकशी करा, चूक आपल्या माणसांचीही आहे, असे तो भरसभेत म्हणाला. त्याने तोडगाही मांडला : दोघे आपले, दोघे त्यांचे, आणि या चौघांनी निवडलेला पाचवा, असे मिळून निवाडा करतील. संघाने बहुमताने ऐकले नाही आणि त्याला घर सोडावे लागले.

या प्रसंगात सर्वधर्मीय कामाची पूर्ण कार्यपद्धती आहे. आपल्या बाजूचा दोष आधी पाहायचा. दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी समसमान ठेवायचे. आणि बोलायचे ते पाण्याच्या वाटपावर, पाण्याच्या पावित्र्यावर नव्हे.

आमचेच काही कार्यकर्ते विचारतात, ज्यांनी पाण्याला शिवू दिले नाही, त्यांच्याबरोबर आम्ही का बसायचे? प्रश्न रास्त आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर मदत छावण्यांतही दलितांना वेगळे काढले गेले, याच्या नोंदी आहेत. समुद्राने जात पाहिली नाही, छावणीने पाहिली. पण याच देशात दुसरेही घडते. ऑगस्ट २०१९ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात कवलप्पारा येथे दरड कोसळली, तेव्हा पोत्तुकल्लच्या मशिदीने मृतांच्या शवविच्छेदनासाठी आपली नमाजाची जागा मोकळी करून दिली. प्रेत कोणत्या धर्माचे, हे कोणी विचारले नाही. आपल्याकडे वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो ‘हरित वसई’च्या लढ्यात उतरले. वसईची हिरवळ आणि पाणी गिळणाऱ्यांविरुद्ध एक धर्मगुरू उभा राहिला आणि तो लढा केवळ चर्चचा राहिला नाही. म्हणजे एकत्र बसता येते. कोणत्या अटीवर बसायचे, हा खरा मुद्दा आहे.

आमच्या अटी साध्या आहेत.

पहिली, पाणी. प्रत्येक मंदिर, मशीद, चर्च, गुरुद्वारा आणि विहार यांनी आपली विहीर, बोअरवेल, नळ टंचाईच्या काळात कोणालाही, नाव-आडनाव न विचारता खुला करावा. ज्याला हे जमत नाही, त्याने पृथ्वी वाचवण्याच्या ठरावावर सही करू नये.

दुसरी, सावली. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला सरकारी पुरस्कार सोहळ्यात उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. श्रद्धेपोटी आलेली साधी माणसे होती ती. छप्पर व्यासपीठाला होते, जनतेला नव्हते. वस्तीतले समाजमंदिर, मदरसा, चर्चचा हॉल एप्रिल-मे महिन्यांत दुपारी उघडे राहिले, तिथे पंखा, माठ आणि मीठ-साखरेचे पाणी असले, तर नाक्यावरचे मजूर, फेरीवाले, कचरावेचक वाचतील. त्यासाठी पॅरिसला जाण्याची गरज नाही. चावी कोणाकडे आहे, तेवढे शोधायचे.

तिसरी, खुर्ची. अशा प्रत्येक समितीत निम्म्या जागा कचरावेचक, सफाई कामगार, भूमिहीन, आदिवासी यांच्या असाव्यात आणि त्यांत स्त्रिया असाव्यात. प्रमुख पाहुणे म्हणून नव्हे, निर्णय घेणारे सभासद म्हणून.

आणि चौथी, रस्ता. डम्पिंग ग्राउंड बंद करा, वस्तीला पाणी द्या, या मागण्या घेऊन महापालिकेवर जो मोर्चा जाईल, त्यात भिक्खू, मौलाना, फादर, महाराज सगळ्यांनी पायी चालावे. आशीर्वादाचा व्हिडिओ पाठवू नये.

या अटी मान्य असतील, तर बौद्ध तरुणांनी सर्वात आधी हात पुढे करावा. विहारात रविवारी वंदना होते, शेजारच्या मशिदीत शुक्रवारी नमाज होते. दोन्हीकडे येणारी माणसे एकाच टँकरच्या रांगेत हंडा घेऊन उभी असतात आणि एकाच धुरात खोकतात. सर्वधर्मीय परिषद तिथे रोजच भरते आहे. तिला फक्त अजून ठराव करायचा आहे.

जय भीम!